विहिरीवरचे दिवस

"...समाज बदलला म्हणतात, तो हाच का, माई?"

इंदुमती तावातावानं आली होती. पाटलांची सून, बचत गटाची अध्यक्ष. गावात तिला आडवं जायची कुणाची छाती नव्हती. गजरामाईंच्या मठीत मात्र ती आधी पायांवर डोकं ठेवायची, मग तोंड उघडायची.

"उद्या जुनी विहीर बुजवतायत. म्हणे घरोघरी नळ आले, आता तिकडं कोण जातं? तुम्ही नुसतं 'नको' म्हणा. सरपंच तुमच्या शब्दाबाहेर नाही."

माई समईची वात सारखी करत होत्या.

"काय दिवस होते ते! कुणाची सासू खाष्ट, कुणाला दिवस गेलेत, सगळं विहिरीवर कळायचं. आणि ती गाणी... पलीकडच्या अंगानं यायची. मी नवी नवरी, घागर भरली तरी ऐकत उभी राहायची. आता भिंतीपलीकडची बाई मेली तर फोनवर कळतं. नळानं माणसं तोडली, माई."

"ती गाणी आम्ही म्हणायचो."

"तुम्ही?"

"आमच्या आळीच्या बायका. विहिरीला शिवायची सोय नव्हती ना आम्हाला. तुमच्यातली कुणी येऊन आमच्या घागरीत ओतेस्तोवर बसून राहायचं. ऊन डोक्यावर यायचं. मग म्हणायचो काहीबाही..."

माई हसल्या.

"चांगली होती गं गाणी. मलाही आठवतात."

इंदुमती चपापली. मग मान ताठ करून म्हणाली, "ते गेलं ते बरंच झालं. तुमच्या आळीच्या सखूला मीच हाताला धरून विहिरीवर चढवलं. सासऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या त्यापायी. विसरलात?"

"नाही विसरले... जरा पाणी दे, बाई."

माईंनी तोंडाशी ओंजळ धरली. इंदुमतीनं माठातून तांब्या भरला आणि ओतायला लागली. वीतभर उंचावरून, बारीक धार. थेंब सांडला नाही, तांब्या बोटांना टेकला नाही. सासूनं शिकवलं होतं, अगदी तसं.

पिता पिता माईंनी डोळे वर केले.

धार थांबली. इंदुमती स्वतःच्याच हाताकडं बघत राहिली.

"माई... मी मुद्दाम नाही..."

माईंनी तिच्या हातातून तांब्या घेतला. तोंडाला लावला. घटाघटा प्यायल्या. मग तोच तांब्या तिच्यापुढं धरला.

"उरलंय यात. पी... मग विहिरीचं बोलू."