कपाटाखाली राहिलेली शिट्टी

माणसांची पाठ वळली की भांडीकुंडी बोलायला लागायची, त्या काळातली ही गोष्ट. कऱ्हाडची शाल्मली शिकायला जर्मनीला निघाली होती. बॅगेत जागा वाचावी म्हणून आईने नव्याकोऱ्या कुकरच्या पोटात हिंगाची डबी, मसाला आणि मोजे कोंबले. कुकर चक्रावून गेला. आपण भांडं आहोत की कपाट, हेच त्याला कळेना.

बॅगेचं वजन अर्धा किलो जास्त भरलं. मायलेकी वजनकाटा परत करायला शेजारी गेल्या आणि इकडे उघड्या बॅगेत गलका उठला.

“चार-चार स्वेटर कशाला? एकाने उतरा की खाली!” कुकरची शिट्टी म्हणाली.

“बोटाएवढी तू, आणि आम्हाला शिकवतेस?” जाडा स्वेटर फणकारला. “कुकरदादा, हिलाच बाहेर काढा. सारखी किंचाळत असते!”

“दादा, तुम्ही तरी बोला,” शिट्टी म्हणाली.

कुकरला दोघांचंही पटत होतं. गोंधळून तो नुसताच कलला, तशी शिट्टी निसटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. कुकर गप्पच राहिला.

आईने परत येऊन केलं काय? तोच जाडा स्वेटर काढला आणि चेन ओढली.

जर्मनीत दोन दिवस पावावर काढून शाल्मलीने हौसेने डाळ लावली. शिट्टी कुठे सापडेना, तरी झाकण तसंच लावलं. अर्धा तास झाला, पाणी आटत आलं, डाळ कच्चीच. भुकेल्या पोरीचे डोळे भरून आले. ते पुसायला तिने पाठ वळवली.

“कुकरदादा, अहो झालं तरी काय?” हिंगाच्या डबीने विचारलं.

कुकरने सांगायला तोंड उघडलं. बाहेर आली ती नुसती वाफ.