कवड्यांचा कमरपट्टा

पूर्वी समुद्रकाठच्या एका नगरात यशकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. शब्दाला इतके पक्के, की राजवाड्यात त्यांचा माल कोणी पारखून घेत नसे. धाकटा भाऊ सुप्रिय त्यांच्याच जिवावर मिरवत असे.

राजकन्या उत्पलेचे लग्न ठरले. तिथे नवरीच्या कमरेला कवड्यांचा पट्टा बांधत, आणि त्या कवड्या समुद्राने आपण होऊन किनाऱ्यावर टाकलेल्याच लागत. उत्पलेच्या पट्ट्याचे काम बोधिसत्त्वांकडे आले, त्यांनी ते सुप्रियावर सोपवले. पण अशा कवड्या वाळूत घासून निस्तेज होतात, आणि सुप्रियाला हवी होती चमक. ओहोटीला त्याने खडकांवरच्या जिवंत कवड्या वेचल्या. कवडीतला इवलासा जीव आपले मऊ अंग कवचावर पांघरून असतो, त्यानेच तिला तकाकी येते. बोट लागताच तो घाबरून आत शिरे, कवडी लखलखे आणि सुप्रिय खूश होई. परसातल्या खड्ड्यात पुरून त्याने ते जीव कुजवले.

पट्टा पाहून सभा हरखली. उत्पलेला मात्र वास आला.

"काका, या समुद्रानं टाकलेल्याच ना?" तिने बोधिसत्त्वांना विचारले.

बोधिसत्त्वांनी पट्टा नाकाशी नेला, एकदाच भावाकडे पाहिले.

"नाही, राजकन्ये. यांचे जीव घेतले आहेत. घर माझं, दोष माझा."

राजाने भर सभेत बोधिसत्त्वांना वाड्याचे दार बंद केले. 'हे मी केलं' एवढेही सुप्रियाच्या तोंडून फुटले नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रस्त्यात त्याला रडू कोसळले. "दादा, मला बोल काहीतरी. मार मला."

"खड्ड्यात अजून आहेत का रे?"

"करवलीच्या पट्ट्यासाठी आज सकाळीच थोड्या पुरल्यात."

"मग जगल्या असतील. पाय उचल."

दोघांनी हातांनी खड्डा उकरला आणि जिवंत कवड्या खडकांवर नेऊन सोडल्या. दादाच्या तोंडाकडे सुप्रियाला त्या दिवशी पाहवले नाही, पुढेही कधी पाहवले नाही.

ही पूर्वजन्माची कथा भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाची उत्पला आजची भिक्षुणी शीलभद्रा. थोरला भाऊ मीच होतो. धाकटा इथेच बसला आहे, त्याचं नाव मी घेणार नाही."

मागच्या ओळीतला भिक्षू वारुण उठला. सकाळी विहारातला पाण्याचा घडा त्याच्या हातून फुटला होता, आणि बोलणी दुसऱ्याने खाल्ली होती. शरमेने त्याचे कान लाल झाले होते.

"भंते, तो मी. घडाही मीच फोडला."

"हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता," शास्ते म्हणाले. "बस, बाळा."