मडक्याची काजळी

कोंडाबाईचं कुणी खरं मानेना. तिच्या शेळ्या तुळशीरामनेच नेल्या, असं ती घसा कोरडा होईस्तोवर सांगत होती. चोर शेजारून गेला तेव्हा बिडीचा वास आला नव्हता, एवढाच तिचा पुरावा.

फौजदार हसले. "मावशी, तुळशीराम आणि भागुजी जुळे. तोंड एक, आणि चोराने तुमच्या गोठ्यात टाकलेल्या उष्ट्या पेरूवरच्या लाळेचा डीएनए पण दोघांशी जुळतो. मग चोर कोण? हा बिडीफुंक्या भागुजी. तुळशीरामराव तर व्यसनमुक्तीचे अध्यक्ष."

भागुजी रडकुंडीला आला.

कोंडाबाई तुळशीरामकडे वळली. "का हो अध्यक्ष, बिडी कधीच ओढली नाही?"

"जन्मात नाही. लिहून देतो."

"द्या मग."

त्याने ऐटीत सही ठोकली. कागद हातात घेऊन कोंडाबाई म्हणाली, "साहेब, एका मातीची दोन मडकी. एक तीस वर्षं चुलीवर, एक पाण्याचं. माती एकच, पण काजळी कुठल्याला? लाळेत धुराची खूण आहे का, तेवढं बघा."

फौजदारांनी तोंड वाकडं केलं, पण डीएनएचा कागद घेऊन चौकीत आलेल्या प्रयोगशाळेच्या बाई लगेच म्हणाल्या, "बरोबर बोलतात या. डीएनए तोच राहतो, पण धूर त्यावर खुणा सोडतो. तपासता येतं."

महिन्याने अहवाल आला. पेरू खाणाऱ्याने आयुष्यात धूर ओढलेला नव्हता.

फौजदारांनी तो दोनदा वाचला, भागुजीला घरी पाठवलं आणि आरोपीच्या रकान्यात मुकाट्याने नवं नाव लिहिलं: तुळशीराम गणपत डोईफोडे.