धुरानं दाखवलेली जागा

फार पूर्वी एका बँडपथकातल्या क्लॅरिनेटचे खालचे सूर लागेनासे झाले. सगळ्या चाव्या तळाचं छिद्र झाकणाऱ्या गादीवर खेकसल्या, "तुझ्याच कडेनं हवा गळते!" खरी गळती होती वरच्या चिमुकल्या गादीपाशी, पण फेकून देतील या भीतीनं ती गप्प बसली.

दुरुस्तीवाले दस्तगीरचाचा तळाची गादी उपटायला निघाले, तेव्हा मात्र वरचीला राहवेना. "थांबा चाचा, आधी धूर सोडून बघा!"

चाचांनी सगळी छिद्रं बंद करून विडीचा धूर आत फुंकला. धुराची बारीक रेघ वरच्या गादीच्या कडेनंच निघाली.

"एवढंच होय!" म्हणत चाचांनी त्या गादीला दिव्यावर ऊब दिली, तिला चिकटवणारी लाख मऊ केली आणि तिला नीट बसवलं.

संध्याकाळी वरातीत खालचा सूर घुमला. तळाची गादी ओरडली, "बाई गं, एवढ्यासाठी माझा जीव जात होता!"

वरची लाजली आणि छिद्रावर आणखी घट्ट बसली.