न काढलेली रेघ

“…पण शिफू, ही गाळलेली रेघ पाथरवट विसरलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?”

मिंगताओ वाकून शिलालेखावरून बोट फिरवत होता. शिफू म्हणजे गुरू. वृद्ध बाइशान गुरू काठीवर दोन्ही हात ठेवून शेजारी उभे होते.

जुन्या राजधानीचे अवशेष बघायला दोघे पहाटेच डोंगरावरच्या मठातून निघाले होते. दिवेलागणीपर्यंत परत यायचं, असं ठरलं होतं.

मिंगताओला ही जागा बघायची फार दिवसांची हौस होती. मठात त्याच्याइतकं वाचलेलं दुसरं कुणी नव्हतं आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. सकाळपासून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. मातीची पडकी तटबंदी कुणी बांधली, समाधीच्या वाटेवर दगडी घोडे आणि उंट समोरासमोर का उभे केले, कुठल्या घोड्याचं डोकं कुठल्या लढाईत उडालं, सगळं त्याने गुरूंना सांगितलं. गुरू “हं” म्हणत चालत राहिले. दुपारी एका दगडी उंटाच्या सावलीत बसून त्यांनी गार भात खाल्ला, तेवढा वेळ काय ती शांतता.

एक विषय मात्र मिंगताओने दिवसभरात काढला नाही.

आदल्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ मठात येऊन गेला होता. वडिलांनी अंथरूण धरलंय, पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही, नजर दाराकडे लागलीय, एकदा येऊन जा, असं तो हात जोडून विनवत होता. मिंगताओने त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. भिक्षूला घर नसतं, बाप नसतो, हे त्याने ग्रंथाचा आधार देऊन समजावलं. भाऊ बिचारा शेतात राबणारा, ग्रंथाला काय उत्तर देणार? डोळे पुसत डोंगर उतरून गेला.

खरं कारण ग्रंथात नव्हतंच. मिंगताओने घर सोडलं त्या दिवशी बाप म्हणाला होता, आजपासून मला थोरला मुलगा नाही. त्यावर हा म्हणाला होता, मलाही बाप नाही. ते बोलणं त्याने इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलं होतं. सोडायची लाज वाटत होती.

भाऊ आला तेव्हा गुरू अंगण झाडत होते. त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी एवढंच म्हणाले, “तुझी ती जुनी समाधी उद्या बघून येऊ.”

आणि आता ते तिथे उभे होते.

समाधी एका सेनापतीची होती. तिच्यासमोरचा लेख त्याच्या मुलाने लिहिलेला होता. मिंगताओ रंगात येऊन सांगू लागला. सेनापतीचं नाव ‘हाय’, म्हणजे समुद्र. लेखात जिथे जिथे समुद्र हा साधा शब्द येतो, तिथे तिथे त्या अक्षराची शेवटची रेघ गाळलेली आहे. बापाच्या नावाचं अक्षर मुलाने पुरं लिहायचं नाही, अशी पूर्वापार रीत.

“का?” गुरूंनी विचारलं.

“मान म्हणून, धाक म्हणून. संसारी माणसांचं वेड, शिफू. बाप मातीला मिळाला, मुलगा मातीला मिळाला, राज्यही गेलं. आणि दगड अजून बापाला घाबरतोय.”

तो हसला. गुरू हसले नाहीत.

“तू नाही घाबरत?”

“मला बाप नाही.”

गुरूंनी मान वळवली. टेकाडाच्या पायथ्याशी नदी होती, नदीच्या पलीकडे मिंगताओचं गाव. चुलींचा धूर दिसत होता. सकाळपासून दिसेल त्या दगडाकडे बोट दाखवणाऱ्या माणसाने त्या बाजूला एकदाही बोट केलं नव्हतं.

“घर कशासाठी सोडलंस?”

“शांतीसाठी.”

गुरूंनी काठीने पायाजवळची धूळ सारखी केली.

“लिही.”

मिंगताओला नवल वाटलं. पण आपल्या अक्षराचा त्याला अभिमान होता. तो उकिडवा बसला, बाही सावरली आणि बोटाने झरझर लिहून मोकळा झाला. ‘आन’. म्हणजे शांती.

गुरू बराच वेळ वाकून बघत राहिले.

“सुंदर आहे… पण एक रेघ राहिली.”

मिंगताओने खाली पाहिलं. शेवटची आडवी रेघ नव्हती.

त्याचा चेहरा उतरला.

आन हे त्याच्या वडिलांचं नाव. आईला लिहिता येत नव्हतं, पण एवढं एक अक्षर ती ओळखायची. पोरगा गिरवत गिरवत त्याच्या शेवटच्या रेघेवर आला की ती त्याचं बोट धरून थांबवायची. तेव्हापासून शांती हा शब्द त्याने कधी पुरा लिहिलाच नव्हता. मठात येऊन इतकी वर्षं झाली, तरी हात आपला थांबत आला होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

“पुरं कर,” गुरू म्हणाले. “तुला बाप नाही.”

मिंगताओ पुन्हा खाली बसला. बोट धुळीजवळ नेलं…

बोट टेकेना.

त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी टेकेना. मग त्याला रडू आलं, लहान मुलाला येतं तसं, आवाज करून. आपला बाप मरतोय, हे त्याला आत्ता कुठे कळत होतं.

गुरूंनी त्याला उठवलं नाही, समजावलंही नाही.

बऱ्याच वेळाने तो खालच्या मानेने म्हणाला, “शिफू… हे पुसून टाकू?”

नदीवरून वारा सुटला होता. धुळीतलं अक्षर कडेकडेने विरत चाललं होतं.

“ते वारा पुसेल,” गुरू म्हणाले. “तू त्याच्या आधी पोच.”