वानरिणीचा आखडलेला हात

दरीच्या काठावरच्या एका रानात वानरांची टोळी राहत असे, मुलांनो. त्या टोळीतली एक वानरीण एकदा जांभळीच्या शेंड्याकडे चढत असताना फांदी मोडून खाली खडकावर आपटली. कोपर आणि मनगट यांच्यामधले हाड मोडले. हात टरारून सुजला, जरा हलवला तरी जीव जाईल अशी कळ यायची. तिने तो छातीशी धरला तो धरलाच. तिचे तान्हे पिल्लू बहिणीने पोटाशी घेतले.

यथावकाश सूज उतरली, तरी वानरिणीने हात काही खाली सोडला नाही. हलवला तर पुन्हा मोडेल, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. बहिणीने समजावले की ती रागाने तोंड फिरवायची. अशात रानातली फळे सरत आली. ती संपली की दरीपलीकडच्या रानात जायचे, असे टोळीने ठरवले. वानरिणीने पहिल्यांदाच हात नीट पाहिला. तो वाळक्या काटकीसारखा झाला होता आणि कोपर सरळच होईना. फांद्यांना लोंबकळत दरी कशी ओलांडणार? पिल्लू मावशीबरोबर निघून जाईल आणि आपण इथेच राहू, या विचाराने तिला घास गोड लागेना.

ओढ्यावर तिला एक म्हातारी अस्वलीण भेटली. दरड कोसळून एके काळी तिचाही पंजा मोडला होता. तिने वानरिणीचा हात हळूच चाचपला आणि मधल्या टणक उंचवट्यावर चांगलाच दाब दिला.

"हाड कधीच जुळलंय, बाई," ती म्हणाली.

"मग हात सरळ का होत नाही, आजी? हलवला की दुखतो."

"हाड मोडलेलं असतं, तर मला असं दाबू दिलं असतंस का? हे दुखणं आखडलेल्या सांध्याचं आहे. हाड जुळेपर्यंत विश्रांती दिलीस, ते योग्यच केलंस. पण पुढेही हात बांधल्यासारखा ठेवलास, म्हणून सांधा धरला आणि स्नायू वाळले. आता सोसेल तेवढाच हलव. पण रोज हलव."

वानरिणीला हुंदका आवरेना. इतके दिवस ती मोडका म्हणून जपत होती, तो हात आता मोडका राहिलाच नव्हता.

उन्हाने कोमट झालेल्या डबक्यात हात बुडवून ती कोपर हळूहळू उघडमीट करू लागली. मग मुठीत गवत धरून ओढू लागली. एकदा उतावीळपणे फांदीला लटकली आणि कोपर सुजले. तेव्हा अस्वलिणीने तिला थोडा विसावा घ्यायला लावून पुन्हा हळूच सुरुवात करायला सांगितले. दंडावर मांस धरू लागले. टोळी निघाली त्या सकाळी सर्वांत शेवटी तिने दरीवरची फांदी पकडली. कोपर अजून थोडे वाकडेच राहत होते, पण पकड सुटली नाही. पलीकडे पोहोचताच बहिणीने पिल्लू तिच्याकडे दिले. तिने ते त्याच हाताने पोटाशी घेतले आणि किती तरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तात्पर्य : दुखऱ्या अंगाला बरे होईपर्यंत विश्रांती द्यावी, पण बरे झाल्यावर भीतीपोटी त्याला निजवून ठेवले, तर दुखण्यापेक्षा भीतीच जास्त अपंग करते.