वाड्याकडची बाजू

एका डोंगरावर मोबाइलचा एक टॉवर होता आणि बिरू झोरे त्याची राखण करायचा. टॉवरला दोन बाजू होत्या. एक बाजारपेठेच्या गावाकडं, दुसरी सड्यापलीकडच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळापलीकडच्या धनगरवाड्याकडं. गावाकडं दिवसभर बडबड, म्हणून तिकडं वीज जास्त लागे. वाड्याकडची बाजू बहुतेक वेळ पेंगत असे, पण कुणी फोन लावला की लगेच जागी होई. पेंगायला वीज लागते तरी किती? चिमूटभर.

बिरू त्याच वाड्यातला. त्याचे म्हातारे आबा सड्यावर शेळ्या चारायचे. सड्याच्या टोकाला खोल कडा होता. म्हणून बिरूनं त्यांना फोन घेऊन दिला होता आणि बजावलं होतं, "धुकं पडलं तर जागचं हलू नका. मला फोन लावा, मी न्यायला येतो."

एकदा पावसाळ्यात लाइट गेली आणि टॉवर बॅटरीवर आला. नेमकी त्याच दुपारी क्रिकेटची मॅच होती. बिरूला नोकरी लावून देणाऱ्या सरपंचांचा फोन आला. "बिरू, मोबाइलवर मॅच अडकतीया. वाड्याकडं बोलतंय कोण? शेळ्या? तिकडची वीज हिकडं वळव."

एका दुपारीनं काय बिघडतंय, असं म्हणत बिरूनं वाड्याकडची बाजू पार बंद केली. खाल्ल्या मिठाला जागला, पण नको तिथं.

थोड्या वेळानं धुकं उतरलं. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. त्या धुक्यातून हाक आली, "बिरूऽऽ!" आवाज थेट आबांचा होता.

बिरूनं ओ दिली नाही. त्यांच्यात म्हणतात, धुक्यातल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. चकवा ओळखीच्या आवाजात बोलावतो. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. शिवाय आबांना अडचण असती तर त्यांनी फोन नसता का केला? बाजू आपणच बंद केली आहे, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. तो वाट बघत राहिला. दुसरी हाक आली नाही.

मॅच संपली. बिरूनं वाड्याकडची बाजू चालू केली आणि त्याच क्षणी त्याचा फोन वाजला.

"आबा, कुठं हायसा?"

"घरला पोचलो बग. आता नगं येऊस."

आबांच्या बोलण्यामागं ना वारा होता, ना शेळ्यांच्या घंटा. बिरूला त्याचं नवल वाटलं, पण जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी तो घरी गेला. दारात शेळ्या भिजत उभ्या होत्या. आबा नव्हते.

वाड्यातल्या लोकांनी शोधलं तेव्हा ते कड्याखाली सापडले. अंग केव्हाच गार पडलं होतं. मुठीत फोन होता, पडताना फुटलेला, आत पाणी भरलेलं.

बिरूनं तो तरीही कानाला लावून पाहिला.

तात्पर्य: जो जास्त बोलतो त्याला जास्त द्यावं, पण जो गप्प असतो त्याचा वाटा कधी पुसून टाकू नये. त्याच्यावर हाक मारायची वेळ येते ती जिवावर बेतल्यावरच.